राय व्हिस्की चाखताना तुमच्या नाकाला काय सापडतं?

नदीकाठ
मंडळी, पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गमध्ये राहून मला नऊ वर्षं झाली. घरात इतकी वर्षं स्कॉचच येत होती. गेल्या महिन्यात शेजारच्या आजोबांच्या दारातला बर्फ उपसून दिला, तर ते संध्याकाळी राय व्हिस्कीची बाटली घेऊन आले. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे. म्हणाले, "मोनोंगाहेलाच्या काठावर राहतोस आणि राय प्यायला नाहीस?"

पहिल्या घोटाला दचकलो. तिखट. मिरचीचं नव्हे, दाढेखाली लवंग फुटली की जिभेच्या कडा कशा बधिर होतात, तसं. दुसऱ्या दिवशी सावकाश बसलो तर ग्लासातून चक्क शेपूचा वास आला. बायकोला हुंगायला दिला, ती म्हणाली "शेपू कसला, बडीशेप आहे." नेटवर शोधलं तर जो तो राय ब्रेड आणि केकच्या मसाल्यांबद्दल लिहितो. मी साताऱ्यात वाढलो. राय ब्रेडचा वास माझ्या आठवणीत कुठेच नाही, मग तो मला ग्लासात सापडणार कसा?

तर सांगा, तुम्ही राय कशी चाखता? पाणी घालता का? आणि हा शेपू खरा की माझ्या मनाचे खेळ?

मिरीदाणा
लहानपणी ताटात शेपू दिसला की आम्ही तो हळूच भावाच्या ताटात सरकवायचो. तो आता बाटलीतून परत आला म्हणायचा! :)

चौथा मजला
@नदीकाठ, शेपू खराच आहे, निश्चिंत राहा. बाटलीच्या मागच्या लेबलावर बारीक अक्षरात 'इंडियाना' दिसतंय का बघा. तिथल्या लॉरेन्सबर्ग गावात एक जुना मोठा कारखाना आहे. त्यांची एक राय ९५ टक्के राय आणि ५ टक्के मोड आणलेला सातू अशी असते. किती तरी वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत हीच व्हिस्की भरलेली असते. तिच्यात शेपू आणि पुदिना हटकून सापडतो.

केंटकीची राय निराळी. अमेरिकेत राय म्हणवून घ्यायला धान्यात किमान ५१ टक्के राय असावी लागते. केंटकीतल्या बऱ्याच जुन्या राय त्या रेषेच्या आसपासच थांबतात, उरलेला बहुतेक मका. रिटनहाउस त्यातलीच. नाव फिलाडेल्फियाच्या चौकाचं, पण आता बनते केंटकीत. तिच्यात मक्याची गोडी आधी येते आणि मसाला मागून. शेपू जवळजवळ नाहीच.

चाखण्याचं म्हणाल तर माझी रीत साधी आहे. पोट फुगलेला आणि तोंड निमुळतं असा छोटा ग्लास, त्यात ३० मिली. ओतून दहा मिनिटं तसाच ठेवायचा. मग ग्लास हनुवटीशी धरून हळूहळू वर आणायचा, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा. वाइनसारखा ग्लास गरगर फिरवून नाक आत खुपसलं की अल्कोहोल नाकाला चावतं आणि पुढची पाच मिनिटं काही कळत नाही. पहिला घोट अगदी थेंबाएवढा, तो फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून. चव दुसऱ्या घोटापासून मोजायची. तो तोंडभर फिरवायचा, गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा. राय तिथे बोलते.

आणि रिकामा ग्लास लगेच विसळू नका. सकाळी उठून हुंगा.

कोरा चहा
प्रश्न बाळबोध असेल, पण राय म्हणजे राई का? मोहरीची दारू?

मिरीदाणा
हा धागा किती प्रतिसादांवर जातो बघू. राईचा पर्वत इथेच होणार!

शेताबांधावर
@कोरा चहा, नाही हो, मोहरीशी काही संबंध नाही. राय हे गव्हाच्या कुळातलं तृणधान्य. आपल्याकडे पिकत नाही म्हणून त्याला मराठी नावही रुळलं नाही. दाणा गव्हापेक्षा बारीक, लांबट, करडा-हिरवट. पीक मोठं काटक. कडाक्याच्या थंडीत तग धरतं, हलक्या वालुकामय जमिनीतही येतं. आपल्या डोंगरउतारावरच्या नाचणीची आठवण व्हावी असं. जर्मनी, पोलंड, रशिया या पट्ट्यात गरिबाची भाकरी रायची होती. जर्मन शेतकरी पेनसिल्व्हेनियात गेले तेव्हा बियाणंही घेऊन गेले. धान्य भाकरीला पुरून उरलं की त्याचं काय होतं ते जगात सगळीकडे सारखंच.

टोरांटोकर
चौथा मजला यांनी अमेरिकेचं सांगितलं, आता कॅनडाची गंमत ऐका. इथे बारमध्ये नुसतं "राय" मागितलं की कॅनेडियन व्हिस्की समोर येते, मग तिच्यात राय नावालाच का असेना. आमच्या कायद्यात 'कॅनेडियन व्हिस्की', 'राय व्हिस्की' आणि 'कॅनेडियन राय व्हिस्की' ही तिन्ही नावं एकाच गोष्टीची. रायचं किमान प्रमाण ठरवलेलं नाही. ७०० लिटरपेक्षा मोठं नाही अशा लाकडी पिंपात तीन वर्षं ठेवा, किमान ४० टक्के अल्कोहोलवर भरा, झालं.

याचं मूळ जुनं आहे. पूर्वी इथे व्हिस्की बहुतेक गव्हाची असे. गिरण्यांनी त्यात थोडी राय मिसळली, लोकांना तो झणका आवडला, आणि ते "राय" मागायला लागले. आमटीत चिमूटभरच हिंग असतो, पण वास त्याचाच येतो, तसंच.

पण म्हणून कॅनडाची राय कमी समजू नका. ओंटारियोतल्या विंडसरची 'लॉट फोर्टी' निव्वळ रायची आहे. मी इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात ती प्यायलो. तिच्यात मला ओल्या मातीचा आणि सुंठेचा वास आला, शेपू नाही.

सोडा बर्फ
एवढा सोपस्कार? मी मोठ्या ग्लासात बर्फ भरतो, वर राय, वर सोडा, सोबत खारे शेंगदाणे. मजा येते. मजा आली म्हणजे चाखलंच की.

चौथा मजला
@सोडा बर्फ, मजेबद्दल वाद नाही. जूनमध्ये मीही तसंच पितो. पण धागाकर्त्यांनी वास ओळखायचा कसा हे विचारलंय. थंडीने वास दबतो. फ्रिजमधली श्रीखंडाची वाटी आणि अर्धा तास बाहेर ठेवलेली वाटी, वेलची कशात जास्त लागते ते आठवा.

जुनी कातळभिंत
थोडं विरोधी मत मांडतो. मी तीस वर्षं स्कॉच पितो आहे आणि राय मला एकसुरी वाटते. आधी मसाला, मग लाकूड, संपलं. नव्या पिंपाचं ओक सगळ्यावर स्वार होतं. स्कॉचमध्ये वापरलेलं पिंप पुन्हा वापरतात म्हणून धान्य आणि गाळण्याची पद्धत या दोन्ही गोष्टी दिसतात.

रसायनी
@जुनी कातळभिंत, निम्मं पटलं. अमेरिकन राय नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, आणि पिंपात भरताना ती ६२.५ टक्क्यांपेक्षा कडक असून चालत नाही. त्यामुळे लाकडाचा हात मोठा असणारच. पण "आधी मसाला, मग लाकूड" ही वाटणी तितकी सरळ नाही, आणि मला तर तिथेच खरी मौज वाटते.

रायच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल भरपूर असतं. आंबवताना यीस्ट त्याचं रूपांतर ४-व्हिनाइलग्वायाकॉल नावाच्या रसायनात करतं, त्याचा वास लवंगेसारखा. जर्मनीच्या गव्हाच्या बिअरमध्ये लवंग लागते ती याचमुळे. म्हणजे ही लवंग धान्याची. दुसरीकडे भाजलेल्या ओकमधून युजेनॉल उतरतं. युजेनॉल म्हणजे तर लवंगेच्या तेलाचा गाभाच. ही लवंग लाकडाची. एकाच घोटात दोन लवंगा, एक शेतातली आणि एक जंगलातली. नदीकाठ यांना पहिल्याच घोटाला दाढेखालची लवंग आठवली, यात मला काहीच नवल वाटलं नाही.

ओकमधून आणखी एक गोष्ट येते, लॅक्टोन. तिचा वास सुक्या खोबऱ्याचा. लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिला येतो.

आता शेपू-बडीशेपच्या भांडणाबद्दल. शेपूच्या बियांचा आणि कॅरवेचा, म्हणजे आपल्या शहाजिऱ्याच्या भावंडाचा, मुख्य वास कार्व्होन या एकाच रेणूचा. त्याच रेणूची आरशातली प्रतिमा घेतली की वास होतो पुदिन्याचा! अणू तेच, जोडणी तीच, फक्त डावा हात आणि उजवा हात एवढा फरक. राय पिणारे शेपू, कॅरवे, पुदिना ही तीन नावं सतत घेतात ती बघून मला या तिघांचं नातं आठवतं.

आणि राय ब्रेडचं म्हणाल तर त्या ब्रेडमध्ये बहुतेक वेळा कॅरवे पेरलेला असतो. अमेरिकन माणूस "राय ब्रेडचा वास आला" म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा त्याला कॅरवे आठवत असतो. त्याच्या आठवणीत ब्रेड, तुमच्या आठवणीत शेपूची भाजी.

कोरा चहा
शाळेत कुणी रसायनशास्त्र असं शिकवलं असतं तर! वाचनखूण साठवली.

नदीकाठ
सगळ्यांचे आभार. @चौथा मजला, तुमचा अंदाज अचूक. मागे बारीक अक्षरात इंडियानाच लिहिलंय! म्हणजे आजोबांनी मोनोंगाहेलाच्या नावाने दिलेली बाटली शेजारच्याही राज्यातली नाही. त्यांना अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

पण त्या वाक्यामुळे मी इथला इतिहास वाचत बसलो, तो थोडा सांगतो. एकेकाळी 'मोनोंगाहेला राय' हे नाव देशभर चालायचं. अठराव्या शतकाच्या अखेरीला ॲलेगेनी डोंगरांच्या या बाजूला राहणाऱ्या शेतकऱ्याला धान्य पूर्वेच्या बाजारात नेणं परवडत नसे. तेच धान्य गाळून पिंपात भरलं की घोड्यावर लादून नेता येई. रोख पैसा दुर्मीळ, म्हणून मजुरीही व्हिस्कीत दिली जाई. अशात १७९१ मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनच्या आग्रहाने सरकारने व्हिस्कीवर कर बसवला. ज्याच्या हातात नाणंच नाही त्याने नाण्यात कर भरायचा! लोक चिडले. जुलै १७९४ मध्ये कर निरीक्षक जॉन नेव्हिलचं घर जाळलं. आमच्या इथून ती जागा गाडीने फार लांब नाही. मग राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन स्वतः सुमारे १३,००० सैन्य जमवून निघाले. फौज पोचेपर्यंत बंड विरलं होतं. फिलिप विगल आणि जॉन मिचेल या दोघांना फाशी सुनावली, पण वॉशिंग्टननी त्यांना माफी दिली. कर पुढे १८०२ मध्ये उठला.

आणि मला सर्वात जास्त धरून ठेवलं ते याच्या पुढच्या गोष्टीने. हेच वॉशिंग्टन १७९७ मध्ये माउंट व्हर्ननला, म्हणजे आपल्या मळ्यावर, स्वतः राय गाळू लागले! जेम्स अँडरसन नावाच्या स्कॉटिश कारभाऱ्याने ते सुचवलं. ६० टक्के राय, ३५ टक्के मका, ५ टक्के सातू. १७९९ मध्ये तिथे जवळजवळ ११,००० गॅलन व्हिस्की निघाली. ती भट्टी पुन्हा बांधून २००७ मध्ये लोकांसाठी उघडली. उन्हाळ्यात जाणार आहे.

मग १९२० ची दारूबंदी आली. १९३३ मध्ये उठली तोवर इथल्या बहुतेक भट्ट्या थंडावल्या होत्या. ओल्ड ओव्हरहोल्ट नावाची राय १८१० सालची, इथल्याच वेस्ट ओव्हर्टनची, तीही शेवटी केंटकीला गेली. काठ राहिला, राय गेली. अलीकडे काही नव्या लोकांनी पिट्सबर्गमध्ये पुन्हा सुरू केलीय, याचा मला फार आनंद आहे.

जुनी कातळभिंत
सुंदर लिहिलंत. रायबद्दलचं मत अजून बदललेलं नाही, पण आता एक बाटली आणावी लागणार.

काजूबोंड
मी सावंतवाडीचा, आजोळ गोव्यात. आमच्याकडे फेणी चाखणारे जुने लोक नेमक्या अशाच खुणा सांगतात. मामा तळहातावर दोन थेंब घेऊन चोळायचा आणि हुंगायचा. अल्कोहोल उडून गेल्यावर जो वास उरतो तो खरा. बाटली हलवून वर किती बुडबुडे येतात आणि किती वेळ टिकतात यावरून कडकपणा ओळखायचा. रायवरही करून बघा, तळहाताची युक्ती चालते. मी चालवलीय. रायच्या बाबतीत आधी पुदिना उडतो आणि शेवटी भाजलेल्या पोळीसारखं काहीतरी राहतं.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी अजून मुंबईतले लोक तिला "वास येतो" म्हणून नाक मुरडतात. वास येतो म्हणूनच तर ती प्यायची असते! रायच्या धाग्यावर हे लिहिताना बरं वाटतंय, कारण राय आणि फेणी दोघीही नाकाला मान देणाऱ्या आहेत.

सोडा बर्फ
फेणीत मात्र लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची. यावर तडजोड नाही.

काजूबोंड
ते उर्राकात हो, काजूच्या पहिल्या गाळपाच्या दारूत! फेणीत मिरची घातलीत तर मामा वरून बघतोय.

परवाना आहे
भारतात राय कुठे मिळते? पुण्यात दोन दुकानांत विचारलं, एकाने बोर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की, दाखवली.

चौथा मजला
मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांत आयात केलेली दोन-तीन नावं अधूनमधून येतात, पण कर धरून किंमत डोळे पांढरे करते. परदेशातून कुणी येत असेल तर माणशी दोन लिटरची सवलत आहे, ती उत्तम वाट. लेबलावर 'स्ट्रेट' शब्द असला तर किमान दोन वर्षं पिंपात आहे. 'बॉटल्ड इन बाँड' असेल तर डोळे झाकून घ्या: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षांची, बरोबर ५० टक्के. हा कायदा १८९७ चा. तेव्हा व्यापारी व्हिस्कीत काय वाट्टेल ते मिसळत, त्याला आळा घालायला केला होता.

गोडा डबा
मी पीत नाही, पण नवऱ्याला हा धागा दाखवल्यापासून घरात चर्चा सुरू आहे. त्याच्या बहिणीने आणलेली राय होती. रात्रीचा रिकामा ग्लास सकाळी मी हुंगला, चौथा मजला यांनी लिहिलंय म्हणून. आणि मला पटकन काय आठवलं सांगू? आईचा काळा मसाला भाजून झाल्यावर कढई रिकामी करतो ना, त्या कढईचा वास. दगडफूल, खोबरं, लवंग, तळाशी किंचित करपलेलं.

@रसायनी यांचं नंतर वाचलं तर त्यात खोबरंही होतं, लवंगही होती आणि शहाजिरेही! मला हे फार महत्त्वाचं वाटतं. तुम्ही सगळे परक्या केकचे आणि परक्या ब्रेडचे वास शोधताय, आणि ओट्यावर मसाल्याचा डबा बंद पडलाय. माझं सुचवणं असं: सहा वाट्यांत लवंग, दालचिनी, शहाजिरे, बडीशेप, सुंठ आणि किसलेलं सुकं खोबरं घ्या. जमलं तर शेपूची जुडी. एकेक वाटी हुंगायची, मग ग्लास, मग पुन्हा वाटी. मध्ये नाक थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्यायचा. मी मसाला करताना तसंच करते.

मिरीदाणा
ताई, हा या धाग्याचा प्रतिसाद. _/\_

टोरांटोकर
अनुमोदन. आज रात्रीच करतो.

पेठेतला डॉक्टर
एक विनंती. दोन व्हिस्की शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर प्रत्येकी १५ मिली ओता, ३० नको. नाक पहिल्या १५ मिलीतच काम करतं, पुढचं यकृताला करावं लागतं. सोबत पाण्याचा तांब्या, पोटात काहीतरी, आणि गाडी घरी.

नदीकाठ
शनिवारी प्रयोग केला. शेजारचे आजोबा, मी, बायको, आणि ओट्यावर सात वाट्या. शेपू भारतीय दुकानातून आणला. बाटल्या दोन: आजोबांची इंडियानावाली आणि मी मुद्दाम आणलेली रिटनहाउस.

इंडियानावाली आणि शेपूची जुडी एकामागून एक हुंगली. शंकाच नाही. पण पाच-सात मिनिटांनी तोच ग्लास बडीशेपेच्या वाटीजवळ नेला तर तिकडेही जुळला. म्हणजे बायकोही बरोबर. आमच्या घरात हे वाक्य लेखी द्यावं लागलं, म्हणून इथे लिहितोय. :)

रिटनहाउसमध्ये आधी काही सापडेना. ५० टक्क्यांची ती नाकाला टोचत होती. मग ३० मिलीत दीड छोटा चमचा पाणी घातलं. हिशेबाने ती चाळिसावर येते. पाच मिनिटांत दालचिनी मोकळी झाली, मागून सुकं खोबरं, आणि गिळल्यावर सुंठ. पाण्याने चव पातळ होईल असं मी समजत होतो. वास उलट जवळ आला.

आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा शहाजिरे हुंगलं. बराच वेळ वाटी नाकाशी धरून बसले. मग म्हणाले, "हा माझ्या आईच्या ब्रेडचा वास आहे." त्यांची आई पोलंडहून आलेली. पुढचा तासभर ते तिच्या स्वयंपाकघराबद्दलच बोलत होते, ग्लासाला हातही लावला नाही.

रसायनी
पाण्याचं कारण: वास देणारी बरीच रसायनं अल्कोहोलला चिकटून राहतात. ग्वायाकॉल या धुरकट वासाच्या रसायनावर स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर हेच तपासलं. अल्कोहोल कमी केलं की ते द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतं, म्हणजे नाकाकडे. तुमचा दीड चमचा बरोबर आहे. पण पहिल्यांदा थेंबाथेंबाने घाला, प्रत्येक थेंबाला हुंगा. काही राय दोन थेंबांतच उघडतात, आणि ओतलेलं पाणी परत काढता येत नाही.

आजोबांचं वाचून मी थोडा वेळ थांबलो.

गोडा डबा
@नदीकाठ, आजोबांना शहाजिऱ्याची पुडी बांधून द्या. आणि रिकामे ग्लास सकाळी हुंगलेत का? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत.

नदीकाठ
हुंगले. इंडियानाच्या ग्लासात शेपू पूर्ण गेला होता, ओल्या गवतासारखं काहीतरी उरलं होतं. रिटनहाउसच्या ग्लासात तुमची कढई. पुडी काल दिली, रविवारी ते ब्रेड करणार आहेत.